परमुलखातली मास्तरकी

कोकणातल्या मुसलमान वस्तीत आखाताला गेलेला माणूस घरटी एक तरी सापडतो. कुणी ड्रायव्हर, कुणी वेल्डर, कुणी जहाजावर, कुणी कंपनीत अकाउंटंट. शिक्षक म्हणून गेलेले त्या मानाने थोडे, आणि नवरा-बायको दोघांनीही तिथे शाळेत शिकवले असे तर फारच थोडे. आम्ही त्या थोड्यांपैकी. या लेखात ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे. एक गणिताचे मास्तर, एक विज्ञानाच्या बाई. मास्तर 2007 पासून 2022 पर्यंत जेद्दातल्या एका भारतीय शाळेत होते. बाई 2009 मध्ये मुलांना घेऊन तिथे गेल्या आणि 2015 पासून त्याच शाळेत शिकवू लागल्या.

परत आल्यापासून आमच्याकडे डी.एड., बी.एड. झालेली मुले-मुली येऊन बसतात. “सर, तिकडे जावे का? पगार किती? बाई, बायकांना काम मिळते का?” पगाराचे उत्तर दोन वाक्यांत संपते. बाकीचे सांगता सांगता चहा निवतो. म्हणून ते एकदा लिहूनच काढावे असे ठरवले.

आधी आम्ही का गेलो ते. मास्तर बी.एड. करून 2001 मध्ये तालुक्याच्या एका शाळेत विनाअनुदानित तुकडीवर लागले. तुकडीला मान्यता आज येईल, उद्या येईल, असे करता करता सहा वर्षे गेली. हातात पडायचे त्यातून एसटीचे भाडे आणि वाण्याची उधारी वजा केली की शिल्लक काही राहत नसे. शिकवण्याचा कंटाळा कधी आला नाही. पण अब्बांच्या औषधाला भावाकडे हात पसरावा लागे, तेव्हा मान खाली जायची. त्याच सुमारास मुंबईत जेद्दाच्या शाळेसाठी मुलाखती असल्याचे एका नातेवाइकाकडून कळले. सीबीएसईचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, गणिताचा शिक्षक हवा. निवड झाली.

निवडीनंतरचे सहा महिने कागदांत गेले. पदवी आणि बी.एड.चे प्रमाणपत्र आधी विद्यापीठातून पडताळायचे, मग राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा, मग सौदी दूतावासाचा. एका शिक्क्यावरचे स्पेलिंग चुकले तर पुन्हा पहिल्या पायरीवर. आता सौदी अरेबिया डिसेंबर 2022 पासून अपोस्टिल करारात आला आहे, त्यामुळे दूतावासाची पायरी गळाली आणि काम सोपे झाले. तरी पडताळणी सुटलेली नाही. ज्यांच्या मनात जायचे आहे त्यांनी मूळ पदवी प्रमाणपत्र आजच विद्यापीठातून काढून ठेवावे. अनेकजण गुणपत्रिकेवर काम भागवतात आणि ऐन वेळी धावाधाव करतात.

जेद्दाच्या शाळेत पहिले काही महिने मास्तरांना वर्ग ओळखायलाच लागले. एका बाकावर केरळचा मुलगा, शेजारी हैदराबादचा, मागे लखनौचा, खिडकीशी तमिळ. एकाच्या घरी मल्याळम, दुसऱ्याच्या घरी दख्खनी, तिसऱ्याच्या घरी उर्दू. आमचे इंग्रजी कोकणी वळणाचे. मुले हसली, आम्हीही हसलो. गणिताची खूण सगळ्यांना एकच असते, म्हणून निभावले.

मुलांची इमारत वेगळी, मुलींची वेगळी. पुढे बाई शिकवू लागल्या तेव्हा एकाच शाळेत नोकरी असून दिवसभर आम्ही एकमेकांना दिसत नसू. मुलांच्या इमारतीत पुरुष शिक्षक, मुलींच्या इमारतीत शिक्षिका, आणि संध्याकाळी घरी दोन्ही शिक्षकखोल्यांच्या बातम्यांची देवाणघेवाण. साप्ताहिक सुट्टी आधी गुरुवार-शुक्रवार होती, 2013 पासून शुक्रवार-शनिवार झाली. बोर्डाचा पेपर भारतात साडेदहाला सुरू होतो तेव्हा जेद्दात सकाळचे आठ वाजलेले असतात. शनिवारी पेपर आला की सुट्टी विसरायची. फजरच्या नमाजनंतर झोपायचे नाही, डबे भरायचे आणि परीक्षा केंद्रावर जायचे.

बाईंची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण विचारायला येणाऱ्यांत निम्म्या मुली असतात. नवऱ्याच्या इकाम्यावर जाणाऱ्या बायकोच्या कागदावर तिला काम करण्याची परवानगी नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. बी.एड.चे प्रमाणपत्र बाईंबरोबर जेद्दाला गेले आणि सहा वर्षे कपाटात राहिले. पदरात पाच वर्षांची मुलगी, एक वर्षाचा मुलगा, आणि 2011 मध्ये धाकटीचा जन्म. ही वर्षे वाया गेली असे बाई म्हणत नाहीत. मुले वाढवणे हेही कामच आहे. पण शिकवणाऱ्याचा हात असा असतो की खडू नसला तर तो सुना वाटतो. त्या काळात बाईंनी रोज संध्याकाळी आपल्या मुलांना मराठी वाचायला शिकवले. शाळेत मराठी नव्हती. गावाहून येताना बालभारतीची पुस्तके बॅगेत लोणच्याच्या बरण्यांशेजारी असत. इमारतीतल्या दोन कोकणी कुटुंबांची मुलेही मग पुस्तक घेऊन येऊ लागली. घरात आपली कोकणी बोलायची, शाळेत इंग्रजी, मशिदीत अरबी कानावर आणि संध्याकाळी मराठी. मुलांना त्याचे ओझे झाले नाही. त्या मराठीचा उपयोग काय, असे तेव्हा लोक विचारत. त्याचे उत्तर पुढे मिळाले.

धाकटी शाळेत जाऊ लागल्यावर बाईंना ‘अजीर’ नावाच्या सरकारी व्यवस्थेतून शिकवण्याचा परवाना मिळाला. नवऱ्याचा इकामा चालू असेपर्यंतच तो परवाना. म्हणजे बाईंची नोकरी मास्तरांच्या नोकरीला बांधलेली. मास्तरांचे काम सुटले की त्याच दिवशी बाईंचेही सुटणार. हे मुलींनी नीट समजून घ्यावे. तुमची पात्रता तुमची असते, पण तिथे उभे राहण्याचा हक्क दुसऱ्याच्या कागदावर असतो.

आता परदेशातल्या मास्तरकीची सगळ्यांत अवघड बाजू. ती पगाराची नाही, मुलांच्या जाण्याची आहे.

गावच्या शिक्षकाला त्याचे विद्यार्थी आयुष्यभर भेटत राहतात. बाजारात मासळी घेताना मागून सलाम येतो, एसटीत जागा मिळते, लग्नाचे आमंत्रण येते. मुलगा शिकला की बिघडला, ते डोळ्यांसमोर दिसते. जेद्दात तसे नाही. रविवारी मुलगा वर्गात असतो. वडिलांचे काम सुटते, फायनल एक्झिटचा शिक्का बसतो आणि पुढच्या रविवारी बाक रिकामा. वर्षाच्या मध्यात, धड्याच्या मध्यात. कुठे गेला? कधी कळते, कधी नाही. सुरुवातीला प्रत्येक जाण्याचा त्रास व्हायचा. मग एका ज्येष्ठ शिक्षकांनी सांगितले, “इथे जीव लावू नका मास्तर, सगळे प्रवासी आहेत. धडा शिकवा आणि घरी जा.” ते मनाने चांगले होते. त्यांनी स्वतःला वाचवण्यासाठी शोधलेली ती वाट होती.

आम्ही त्यावर पुष्कळ बोललो. प्रवासी तर आम्हीही होतो. पण पालक आपले मूल आपल्या हवाली करतात तेव्हा ती अमानत असते. अमानत महिन्याची असो की दहा वर्षांची, सांभाळण्याची रीत एकच. मूल मध्येच जाणार असेल तर त्याला अर्धवट स्थितीत जाऊ न देणे एवढे आपल्या हातात आहे. म्हणून मास्तरांनी शिकवण्याची पद्धत बदलली. मोठा धडा तीन आठवडे ताणायचा नाही. आठवड्याचा एक तुकडा करायचा आणि गुरुवारी तो पुरा करूनच वर्ग सोडायचा. रविवारी कोण येईल, कोण नाही, ते आपल्याला माहीत नाही. जो जाईल तो निदान तेवढे पुरे घेऊन जाईल.

दुसरी गोष्ट म्हणजे एक पान. मूल जाणार असे कळले की त्याच्या पुढच्या शाळेतल्या शिक्षकासाठी इंग्रजीत एक पान हाताने लिहून द्यायचे. शाळेचा दाखला असतोच, पण त्यावर टक्के असतात, मूल नसते. आमच्या पानावर काय शिकून झाले, काय राहिले आणि मूल कुठे अडते, एवढेच असे. सातवीतल्या एका मुलाच्या पानावर मास्तरांनी लिहिले होते, की याला ऋण चिन्हाची धास्ती आहे, पण फळ्यावर संख्यारेषा काढून दिली तर हा चुकत नाही. चार महिन्यांनी कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून फोनवर निरोप आला. त्या मुलाच्या नव्या शिक्षिकेचा. “संख्यारेषा काढली. चुकत नाही.” त्या शिक्षिकेला आम्ही कधी पाहिले नाही. पण त्या दिवशी घरात ईद असल्यासारखे वाटले. बाई शाळेत लागल्यावर त्यांनीही ही पाने लिहायला सुरुवात केली.

मग 2017 चा जुलै आला. सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा 100 रियाल फी लावली. ती दर जुलैला वाढत जाणार होती. 2018 मध्ये 200, 2019 मध्ये 300, 2020 मध्ये 400. देश त्यांचा आणि नियम करण्याचा हक्कही त्यांचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण घराचा हिशोब करावाच लागतो. बायको आणि तीन मुले म्हणजे आमच्याकडे चार माणसांची फी. पहिल्या वर्षी महिन्याला 400 रियाल, मग 800, मग 1,200, आणि शेवटी 1,600. वर्षाचे 19,200 रियाल, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेचार लाख रुपयांच्या आसपास. तेही इकामा नवा करताना एकरकमी. बाईंचा पगार महिन्याला 2,800 रियाल होता. त्यातला निम्म्याहून अधिक भाग केवळ कुटुंबाने एकत्र राहण्यासाठी जाणार होता. जुलै 2020 मध्ये व्हॅटही 5 टक्क्यांवरून 15 टक्के झाला.

कुटुंबे निघाली. पुरुष मागे राहिले, बायका-मुले गावी. शाळेचे पट घसरले. बाईंच्या वर्गात 34 मुली होत्या, त्यांच्या 21 झाल्या. दोन तुकड्यांची एक तुकडी झाली, पगारवाढ थांबली. 2018 च्या उन्हाळ्याआधी आम्ही दोघांनी मिळून साठाहून अधिक पाने लिहिली. रात्री इशानंतर जेवणाच्या टेबलावर बसायचे, मधे चहाची किटली आणि एकेका मुलाचे नाव.

तोच प्रश्न आमच्या दारातही होता. 2019 मध्ये अम्मींचा फोन आला, “पोरांना नि सूनबायला घेऊन ये बाबा, घर रिकामंच पडलंय.” भावाचे म्हणणे वेगळे होते. मास्तरांनी एकट्याने राहावे, चौघांत एक खोली घ्यावी, बाईंनी मुलांना घेऊन गावी जावे. कोकणात पिढ्यान् पिढ्या असेच चालत आले आहे. बाप वर्षातून महिनाभर येतो, पोरे त्याला पाहुण्यासारखे पाहतात, पैसा मात्र वेळेवर येतो. यात कुणाचा दोष नाही, गरजेपोटी माणसे हे सोसतात. पण आमच्यापुढे दोन गोष्टी होत्या. आपली मुले बापाच्या हाताखाली वाढावीत ही एक. आणि दुसरी, बाईंच्या दहावीच्या त्या 21 मुली. वर्षाच्या मध्यात विज्ञानाची शिक्षिका गेली तर दुसरी मिळणे त्या दिवसांत सोपे नव्हते.

दोन आठवडे आम्ही वही घेऊन बसलो. मग गाडी विकली. तीन खोल्यांचे घर सोडून दोन खोल्यांचे घेतले. दर वर्षीची गावाची फेरी दोन वर्षांतून एकदा केली. थोरलीची बारावी होईपर्यंत राहायचे आणि मग सगळ्यांनी एकदमच परत जायचे, अशी मुदत ठरवली. ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली, दोघांनी खाली सही केली. मुले हसली, पण ती सही पुढे फार कामाला आली. मुदत लिहिलेली नसली की परदेशातले ‘अजून एक वर्ष’ संपत नाही.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि दोन खोल्यांत पाच वर्ग भरू लागले. दोन शिकवणारे, तीन शिकणारे. मास्तर स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ लावून बीजगणित शिकवत, बाई पडद्याआड प्रकाशाचे परावर्तन. परदेशातल्या शाळांचे उरलेले बोर्डाचे पेपर त्या वर्षी झालेच नाहीत. मुलींना आनंद व्हावा की रडू यावे ते कळेना. त्या काळात एक फायदा झाला. फायनल एक्झिटवर गेलेली काही मुले, ज्यांना गावी अजून शाळा मिळाली नव्हती, ती आमच्या वर्गात पडद्यावर येऊन बसू लागली. हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. आम्ही विचारले नाही.

जुलै 2022 मध्ये थोरलीचा बारावीचा निकाल लागला आणि ऑगस्टमध्ये आम्ही परतलो. सौदीच्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांचा वर्षाला अर्धा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा एक पूर्ण पगार मिळतो. पंधरा वर्षांचे साडेबारा पगार झाले. पेन्शन नाही. इथे आल्यावर सरकारी भरतीचे वय उलटून गेलेले. खासगी शाळेत बाईंना नोकरी मिळाली, पण परदेशातला अनुभव पगार ठरवताना मोजला गेला नाही. पंधरा वर्षे शिकवलेले मास्तर आज गावच्या मुलांची गणिताची शिकवणी घेतात. मुलगा इथे नववीत बसला. मराठी वाचता येत होती, म्हणून एका महिन्यात रुळला. ती मराठी कशाला, असे जे विचारत त्यांना हे उत्तर.

आता जे जाऊ पाहतात त्या बंधू-भगिनींना थोडे सांगतो.

जायचे की नाही हे ज्याने त्याने घरची स्थिती पाहून ठरवावे. विनाअनुदानित तुकडीवर वर्षे काढणाऱ्याला ‘जाऊ नका’ म्हणण्याचा हक्क कुणाला नाही. पण जाण्याआधी परतीचा विचार करावा. शाळा सीबीएसईशी संलग्न आहे का ते पाहावे. करार वाचल्याशिवाय सही करू नये, आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. अनुभवाचे प्रमाणपत्र शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. वर्ग, विषय आणि तारखा घालून ते दर दोन वर्षांनी मागून घ्यावे, कारण मुख्याध्यापक बदलतात, व्यवस्थापन बदलते. पहिली ते आठवी शिकवायची असेल तर टीईटी किंवा सीटीईटी आधीच उत्तीर्ण व्हावे. 2021 मध्ये त्या प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत काढून ते आयुष्यभर ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला आहे.

बायकांनी आपली प्रमाणपत्रे नवऱ्याच्या प्रमाणपत्रांबरोबरच साक्षांकित करून न्यावीत. ‘आधी यांचे होऊ दे, माझे मग बघू’ यात किती जणींची वर्षे गेली, ते आम्ही जवळून पाहिले आहे.

पैशाबद्दल एकच. कोकणात आज कुलूपबंद बंगले किती आहेत ते मोजा. घर जरूर बांधावे, पण आधी म्हातारपणाची आणि मुलांच्या शिक्षणाची रक्कम दरमहा बाजूला काढावी. तिथे शिक्षकाचा पगार इंजिनिअरसारखा नसतो, म्हणून इंजिनिअर शेजाऱ्याशी बरोबरी करू नये. आणि मुलांच्या दहावी-बारावीचा विचार आधी करावा. ती कुठून होते, यावर आपल्या राज्यातल्या पुढच्या प्रवेशाचे बरेच काही ठरते.

राहिली मुले, म्हणजे तुमचे विद्यार्थी. ते जातील, तुम्हीही जाल. आज आमच्याकडे जेद्दाच्या विद्यार्थ्यांचा पत्ता म्हणावा असा फारसा नाही. कुणी कॅनडात आहे असे ऐकतो, कुणी मलप्पुरममध्ये दुकान चालवतो, कुणी डॉक्टर झाली. बहुतेकांचे काहीच माहीत नाही. एवढे माहीत आहे, की आमच्या हातून गेलेल्या मुलाच्या दप्तरात एक पान होते आणि त्यावर त्याच्याबद्दल खरे लिहिलेले होते. गावच्या शिकवणीतही मास्तर हे पान लिहितात. मागच्या आठवड्यात एक मुलगा पुण्याला गेला, त्याला दिले. त्याच्या वडिलांनी विचारले, “सर, याची फी किती?” मास्तर म्हणाले, “नव्या शाळेत बाईंना दिलेत की फी पोचली.”